हिलिगायनोन शिकायची तर मराठीवरूनच

फिलिपिन्समधल्या पानाय बेटावरचं इलोइलो, शेजारचं गिमारास आणि पलीकडच्या नेग्रोस बेटाची पश्चिम बाजू हा हिलिगायनोन भाषेचा मूळ पट्टा. १९३९ पासून सरकारी वसाहत योजनेतून बरीच कुटुंबं मिंदानाओतल्या कोरोनादाल खोऱ्यात गेली, तिथेही हीच भाषा चालते. बोलणारे स्वतःला इलोंगो म्हणवतात, आणि रोजच्या बोलण्यात भाषेलाही तेच नाव देतात. जहाजावर काम करणाऱ्या मराठी मंडळींची त्यांच्याशी गाठ पडतेच.

आधी जीभ. त आणि द दातांना लावून म्हणा. ट-ड आणू नका. 'ङ' एरवी आपल्या मुळाक्षरांत नुसताच बसून असतो, इथे तो शब्दाच्या सुरुवातीला येतो: ङालान म्हणजे नाव, ङाआ म्हणजे का. 'अङ्क' मधला ङ लांबवा, अ गाळा, की जमतो. दुसरी अडचण शब्दाच्या मध्ये श्वास तोडण्याची. रात्र म्हणजे गाब-इ, नवीन म्हणजे बाग-ओ. गाबि किंवा बागो म्हटलं की समोरचा गोंधळतो. आपण नकार देताना तोंड न उघडता 'अं-अं' करतो, त्यात मध्ये घसा जसा क्षणभर बंद होतो, तसाच इथे करायचा.

मग सर्वनामं, आणि इथे मराठी माणूस फुकटात पुढे जातो. आम्ही म्हणजे कामि, आपण म्हणजे किता. जेवत बसलेले लोक आल्यागेल्याला 'काओन ता!' म्हणतात. हा 'ता' कितातलाच, म्हणजे 'चला, जेवू या आपण'. पोट भरलेलं असेल तर 'बुसोग पा आको' म्हणून आभार माना: सालामात. तुम्ही जेवत असताना पाहुण्याला 'माकाओन कामि' म्हणालात, तर 'आम्ही जेवणार, तुम्ही नाही' असं सांगून बसाल.

क्रियापदाला खरा वेळ द्या. ते वाक्याच्या सुरुवातीला येतं. 'मी मासा खाल्ला, मी पोळी खाल्ली' यात आपलं क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. हिलिगायनोनमध्ये हे फक्त भूतकाळापुरतं नाही, सगळीकडे चालतं. गिनकाओन को आङ इस्दा: मी तो मासा खाल्ला. चालू क्रियेला गिनाकाओन, पुढच्या क्रियेला काउनोन. नजर माशावर आहे म्हणून त्याला 'आङ' लागलं आणि 'मी' चा, म्हणजे 'आको' चा, 'को' झाला. नजर खाणाऱ्यावर असेल तर नागकाओन आको साङ इस्दा, म्हणजे मी मासे खाल्ले, कुठले ते महत्त्वाचं नाही. नवशिके सरसकट 'नाग-' लावतात. 'ताटातला मासा कुठे गेला?' असं कोणी विचारलं, तर उत्तर 'गिनकाओन को' हेच. एक क्रियापद घ्या, त्याची ही सगळी रूपं तोंडपाठ करा, मगच दुसरं घ्या. वीस क्रियापदांची एकेकच रूपं पाठ करण्यात काही अर्थ नाही.

नकार दोन. चहा नको असेल तर इंदि, चहा शिल्लकच नसेल तर वाला. 'मी डॉक्टर नाही' आणि 'मी जाणार नाही' यांनाही इंदि. झालं नाही, घडलं नाही, याला वाला.

बाजारात 'तागपिला आङ किलो?' विचारा. मोजताना आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये 'का' लागतो: दुहा का किलो म्हणजे दोन किलो, तात्लो का माङ्गा म्हणजे तीन आंबे. गिमारासचे आंबे नावाजलेले, तेव्हा हे वाक्य लागणारच. मात्र पैसे आणि घड्याळ यांत स्पॅनिश आकडे चालतात: बायन्ते म्हणजे वीस, आलास ओचो म्हणजे आठ वाजता. चव आवडली की नामित गिद. हा 'गिद' साधारण आपला 'च': इकाव गिद, तूच. जीपनीतून, म्हणजे तिथल्या जीपसारख्या प्रवासी गाडीतून, उतरायचं असेल तर 'लुगार लाङ' म्हणा, गाडी थांबते.

मनिलाकडच्या तागालोग भाषेत आदरासाठी लावतात ते 'पो' इथे लावू नका. आदर नात्याच्या शब्दांतून दाखवतात: वयाने मोठ्या पुरुषाला मानोङ, बाईला मानाङ, लहान मुलाला तोतो, मुलीला इंदाय. हाक मारून मग प्रश्न विचारा, आणि पालिहोग जोडा, म्हणजे 'कृपया'.

शेजारच्या भाषा मात्र फसवतात. सेबुआनोत कारोन म्हणजे आत्ता, हिलिगायनोनमध्ये थोड्या वेळाने. आत्ताला इथे सुबोङ. सेबुआनो बोलणाऱ्याकडून शिकलात, तर भेटीच्या वेळा चुकतील. आंतिके प्रांतात आणि इलोइलोच्या आतल्या गावांत किनाराय-आ ही भाषा बोलतात, तिथे वालाचं वारा होतं. ते ऐकून आपला उच्चार बदलू नका. त्यांना वालाही कळतं.