दोष सेटचा की बँडचा?

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशनाच्या छंदात जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) ट्रान्समीटर बांधून पहिल्यांदा हवेवर येणाऱ्याची पंचाईत ठरलेली असते. सीक्यू (कोणीही उत्तर द्यावं अशी हाक) दिला, उत्तर नाही. लगेच सेट उघडला जातो, कॉइलचे वेढे कमी-जास्त केले जातात आणि काल नीट चालणारा सेट खरोखरच बिघडतो. बऱ्याचदा सेट ठणठणीत असतो, बंद असतो तो बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या त्या पट्ट्यात त्या वेळी सिग्नल लांब जात नसतात. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणं ही या छंदातली पहिली विद्या, असं माझं मत आहे. तिची तयारी बांधणी चालू असतानाच करावी लागते.

एका व्हॉल्व्हचा ऑसिलेटर (सिग्नल निर्माण करणारं सर्किट) थेट अँटेनाला जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. ६व्ही६ या छोट्या व्हॉल्व्हवर ते जमतं, काही वॅट निघतात, संपर्कही होतात. पण वाऱ्याने तार हलली की लोड बदलतो आणि सूर सरकतो. म्हणून जरा धीर धरा आणि ऑसिलेटरपुढे ८०७ या मोठ्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर लावा. सीडब्ल्यूसाठी, म्हणजे कीने पाठवायच्या मोर्ससाठी, ८०७ च्या प्लेटला (आउटपुटच्या टोकाला) ६०० व्होल्ट आणि १०० मिलिॲम्पियर चालतात; नवख्याने ४०० व्होल्टवर समाधान मानावं. ग्रिडच्या (सिग्नल आत घेणाऱ्या टोकाच्या) पिनपाशीच छोटा रेझिस्टर टाका आणि वायरी आखूड ठेवा, कारण हा व्हॉल्व्ह व्हीएचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या वर) आपणहून ऑसिलेट होण्याबद्दल प्रसिद्ध आहे. फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल जुन्या एफटी-२४३ डबीतले मिळाले तर उत्तम. आजचे धातूच्या छोट्या डबीतले क्रिस्टल व्हॉल्व्ह ऑसिलेटरचा करंट सहसा सोसत नाहीत.

पॉवर सप्लायबाबत मी कडक आहे. कॅपॅसिटरमधला साठा हळूहळू रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर हवाच. सेट बंद केल्यावरही फिल्टर कॅपॅसिटर डिस्चार्ज करून, मीटरने शून्य बघूनच हात आत घाला. जुने इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कॅपॅसिटर सरळ बदला. कॅथोड कीइंग असेल, म्हणजे मोर्सची की व्हॉल्व्हच्या कॅथोडला जोडलेली असेल, तर की उघडी असताना तिच्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येऊ शकतं, त्यामुळे मध्ये रिले ठेवा.

आता ट्यूनिंग. अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता पॉवर जिरवणारा रेझिस्टर) जोडा आणि पाय नेटवर्कचा (ॲम्प्लिफायर आणि अँटेनामधल्या जुळणीच्या सर्किटचा) लोडिंग कॅपॅसिटर पूर्ण मिटवा, म्हणजे त्याच्या पात्या एकमेकांत पूर्ण घाला. की दाबून प्लेट कॅपॅसिटर फिरवा. प्लेट करंटच्या मीटरचा काटा घसरत जातो, एका जागी तळाला टेकतो आणि तिथून पुन्हा चढायला लागतो. तळाची ती जागा म्हणजे डिप. लोडिंग थोडं उघडा, करंट वाढेल, पुन्हा डिप शोधा. ठरवलेल्या करंटपर्यंत असंच जा. दर वेळी की थोडे सेकंदच दाबायची. डिपपासून दूर राहिलात तर प्लेट लाल होते. शेवटी दोन्ही नॉबचे आकडे, ग्रिड करंट, प्लेट करंट आणि सप्लायचं व्होल्टेज वहीत लिहून ठेवा. पुढे कधीही शंका आली की डमी लोड लावा आणि हे आकडे पडताळा. ते जुळले तर सेट उघडायचा नाही. मग अँटेना आणि केबल बघायची, आणि त्यानंतर आकाशाकडे वळायचं.

दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) डी थर खालचे बँड शोषतो. हे शोषण ढोबळमानाने फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झवर ७ च्या साधारण चौपट. सूर्य मावळला की डी थर विरतो आणि वरच्या एफ थरावरून लांबचे सिग्नल येऊ लागतात. दुपारी ७ मेगाहर्ट्झवर जवळचीच स्टेशनं ऐकू येतात. रात्री दूरची येतात आणि जवळची कित्येकदा गायब होतात. १४ मेगाहर्ट्झचा भर दिवसावर असतो. त्यामुळे क्रिस्टल घेण्यापूर्वी आपल्याला रोज कोणती वेळ मोकळी मिळते ते बघा. संध्याकाळनंतरच बसणार असाल तर ८० आणि ४० मीटरच्या (म्हणजे ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झच्या) प्लग-इन कॉइल करा. वॅटच्या मागे लागू नका: ५ वॅटचे १०० केले तर वाढ १३ डेसिबल, म्हणजे जेमतेम दोन एस-युनिट (रिसीव्हरच्या सिग्नल-मीटरवरचे दोन अंक). योग्य वेळ साधल्याने याहून कितीतरी जास्त मिळतं.

बँड उघडा आहे का, हे ऐकायला १४.१०० मेगाहर्ट्झवरचे बीकन (ठरलेल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणारी स्टेशनं) फार उपयोगी. जगभरातल्या १८ बीकनना तीन मिनिटांच्या फेरीत प्रत्येकी दहा सेकंद दिलेले आहेत. कॉलसाइननंतर (स्टेशनच्या ओळखचिन्हानंतर) १००, १०, १ आणि ०.१ वॅटचे चार डॅश येतात. कितवा डॅश ऐकू आला यावरून तुमच्या सेटच्या ताकदीला त्या दिशेने वाव आहे की नाही ते कळतं.

कधी दिवसाउजेडी सगळा बँड एकाएकी गप्प होतो. सौरज्वाळेचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि उजेडाच्या बाजूचा डी थर दाट करतात. अशा वेळी सेटला हात लावू नका. वरचे बँड आधी सावरतात, खालचे मागाहून.

समोरच्याकडून मिळालेला रिपोर्टही नीट वाचा: पहिला आकडा स्पष्टतेचा, दुसरा ताकदीचा, तिसरा टोनच्या शुद्धतेचा. ५७९सी मधला ‘सी’ म्हणजे चर्प: की दाबताक्षणी सूर सरकतोय, दोष सेटचाच. सप्लायचं व्होल्टेज बसतंय का ते तपासा. टोन ९ वरून ६-७ वर आला आणि सगळेच तसं सांगत असतील, तर फिल्टरमधून हम (विजेच्या मेनची गुणगुण) येतोय. पण बाकीचे ९ देत असताना ध्रुवाकडच्या मार्गावरचा एकटाच खरखरीत म्हणत असेल, तर के-इंडेक्स (भूचुंबकीय खळबळीचा ० ते ९ अंक) बघा. ५ किंवा वर म्हणजे भूचुंबकीय वादळ, आणि ती खरखर ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून आलेली असते.

सूर्याची सक्रियता वाढण्या-घटण्याचं सौरचक्र साधारण ११ वर्षांचं. सध्याचं पंचविसावं डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. १०.७ सेंटीमीटरचा सौर फ्लक्स (त्या तरंगलांबीवर सूर्याकडून येणारी रेडिओ ऊर्जा) मंदीच्या काळात ७० च्या आसपास असतो, भरात २०० च्या वर जातो. वहीत त्या सेटच्या आकड्यांशेजारीच तारीख, यूटीसी वेळ (जागतिक प्रमाणवेळ), फ्लक्स, के-इंडेक्स आणि कोण ऐकू आलं हे लिहीत जा. सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून आज बँड छान चालला असेल तर २७ दिवसांनंतरच्या तारखेवर आत्ताच खूण करा.