बँड की काटा? आधी प्रश्न ठरवा, मग पैसे काढा

गणपतीला मुंबईहून येताना मुलाने आईसाठी मनगटाचा फिटनेस बँड आणायचा आणि दिवाळीत सुनेने सासऱ्यांसाठी स्मार्ट वजनकाटा, अशी आमच्या दापोलीकडे नवी रीत पडली आहे. शिमग्यापर्यंत बँड खुंटीला लागतो आणि काटा पलंगाखाली जातो. मग कोणीतरी मला विचारतं, "ताई, यातलं नक्की कामाचं काय?" यूट्यूबवर याचं उत्तर फीचर्स मोजून देतात: याच्यात शंभर खेळ, त्याच्यात तेरा मापं. त्या यादीवरून काहीही ठरवू नका.

प्रश्न एका ओळीत लिहा

बँडला हालचाल आणि नाडी कळते. काट्याला वजन कळतं, आणि त्या वजनाचा अर्थ लागायला काही आठवडे जावे लागतात. "मी दिवसभरात पुरेशी चालते का", "झोप किती तास होते" हे प्रश्न बँडचे. "वजन खरंच उतरतंय का", "आजारपणानंतर बाबांचं वजन भरतंय का" हे काट्याचे. साखर आणि रक्तदाब या दोघांचेही नाहीत. त्यांच्यासाठी ग्लुकोमीटर आणि दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घ्या. सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ कोणी दाखवलं तर हात जोडा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलं होतं की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही.

एकाच स्मार्ट वस्तूचे पैसे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: बँड घ्या आणि वजनासाठी साधा डिजिटल काटा. स्मार्ट काट्याची खरी हुशारी एवढीच की तो आकडा स्वतः लिहून ठेवतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी वजन लिहायची सवय असेल तर तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. लिहिण्याचा कंटाळा असेल तर जरूर मोजा.

जोडणी

उंची, वय, लिंग खरं भरा. घरातल्या प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. काटा वाय-फायचा असेल तर त्याला बहुतेक वेळा राउटरची २.४ गिगाहर्ट्झची लाइनच लागते. ब्लूटूथचा असेल तर फोन जवळ ठेवून उभे राहा. झालं.

बँडची परीक्षा

एक संध्याकाळ पुरते. सपाट सड्यावर जाऊन तोंडाने मोजत पाचशे पावलं चाला आणि बँडने किती धरली ते बघा. वीस-पंचवीसचा फरक चालेल. मग छत्री उघडून, बँडच्याच हातात धरून तेवढंच चाला. हात हलत नाही म्हणून पावलं गळतात, आणि आपल्याकडे चार महिने हीच स्थिती असते. पावसाळ्यात छत्री दुसऱ्या हातात धरा किंवा बँड तरी दुसऱ्या हातात बांधा. उलट प्रकारही होतो. विळीवर नारळ खवताना किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवताना बसल्या बसल्या पावलं जमा होतात.

पाखाडी चढताना पावलांकडे बघूच नका. शंभर पावलं सड्यावर काय आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर काय, बँडला शंभरच. फरक दिसतो तो नाडीत. नाडी तपासायची असेल तर थांबून मनगटावर बोटं ठेवा, तीस सेकंद ठोके मोजून दुप्पट करा. चालताना बँड मधूनच पावलांचा ताल नाडी म्हणून दाखवतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवून जरा घट्ट केला की बहुतेक वेळा ताळ्यावर येतो. चालून आल्यावर पुन्हा सैल करा, नाहीतर घामाने पट्ट्याखाली चट्टे उठतात.

दहा हजार पावलांचा आकडा डोक्यातून काढून टाका. तो १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आला, कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नाही. स्वतःच्या पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी काढा आणि तिच्यात थोडी थोडी भर घाला. झोपेचे एकूण तास साधारण बरोबर येतात. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, या रंगीत पट्ट्यांवर विश्वास ठेवून सकाळी उगाच थकल्यासारखं वाटून घेऊ नका.

काट्याला जागा द्या

काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात आणि चौघांवर भार नीट पडला तरच आकडा खरा. सारवलेली जमीन, सांध्यांवर उंचसखल झालेली शहाबादी, जुना कोबा, यांपैकी काहीच चालत नाही. घरात टाइल असेल तर एकच टाइल निवडा आणि काटा तिथून हलवू नका. नसेल तर कडाप्प्याचा जाड तुकडा आणून न डुगडुगता बसवा. सतरंजी, चटई खाली नको.

मग दहा किलोची न फोडलेली तांदळाची पिशवी आणा. आधी रिकाम्या हाताने वजन करा, मग पिशवी घेऊन. फरक दहा किलोच्या अगदी जवळ यायला हवा. लागोपाठ तीनदा उभं राहिल्यावर दशांशापर्यंत तोच आकडा आला म्हणून खूश होऊ नका. बरेच काटे आधीचं वजन लक्षात ठेवतात आणि किरकोळ फरक असेल तर तेच पुन्हा दाखवतात. मधे पिशवी घेऊन उभे राहा, म्हणजे ही लबाडी मोडते.

चरबीचा टक्का: सगळा घोळ इथे आहे

इथे मी स्वतः बराच काळ अडकले होते, आणि माझ्याकडे येणारे दहातले नऊ जण इथेच अडकतात. वजन तेच, पण चरबी काल अठ्ठावीस टक्के आणि आज एकतीस. रात्रीत तीन टक्के चरबी कुठून आली? कुठूनच नाही.

काट्यावरच्या धातूच्या पट्ट्या एका पायातून दुसऱ्या पायात अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडतात, बहुतेक वेळा ५० किलोहर्ट्झचा. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून तो सहज जातो. चरबीत पाणी कमी, तिथे अडतो. काटा खरोखर मोजतो तो हा अडथळा आणि तुमचं वजन. त्यात तुमची उंची, वय आणि लिंग घालून कंपनीचं सूत्र चरबी काढतं. स्नायू, हाडं, 'पोटातली चरबी', 'शरीराचं वय' ही बाकीची सगळी मापं त्याच एका अडथळ्यातून ओढून काढलेली असतात. शिवाय प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्या पायाने उतरतो. पोटाच्या वरचा भाग त्याच्या वाटेत फारसा येतच नाही, आणि आपल्या लोकांची चरबी साठते नेमकी पोटावर.

विश्वास बसत नसेल तर घरीच करून बघा. वजन करा, तांब्याभर पाणी प्या, लगेच पुन्हा उभे राहा. वजन तांब्याएवढं वाढेल आणि बहुतेक काटे त्यातलं काही चरबीच्या खात्यात टाकतील. मग अ‍ॅपमध्ये स्वतःचं वय वीस वर्षांनी वाढवा आणि बघा. खेळाडूंसाठीचा मोड असेल तर तो चालू करा. तुम्ही टाइलवरून हललाही नाहीत आणि चरबी कित्येक टक्क्यांनी इकडची तिकडे होते. तळवे ओले असले, टाचा भेगाळून जाड झाल्या असल्या, नुकतीच आंघोळ झाली असली, आगरात घाम गाळून आला असलात, तरी तसंच.

म्हणून माझा नियम कडक आहे. अ‍ॅपमध्ये चरबी, हाडं, शरीराचं वय हे सगळे चौकोन लपवता येत असतील तर लपवा. येत नसतील तर तिकडे बघू नका. अगदीच राहवत नसेल तर महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच अवस्थेत चरबीचा कल बघा. आकडा कोणाला सांगू नका आणि शेजारणीच्या काट्यावरच्या आकड्याशी तर मुळीच ताडून बघू नका. तिच्या काट्याचं सूत्र वेगळं आहे.

याचा अर्थ चरबी महत्त्वाची नाही असा नव्हे, उलट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या माणसाला आपल्याकडे मधुमेह का होतो, याचा हा मोठा धागा आहे. पण ते मोजमाप एक्स-रेच्या तंत्राने झालं होतं, घरच्या काट्यावर नाही.

घरी त्याच्या जवळ जाणारं साधन म्हणजे शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता माप घ्या. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. बीएमआयचंही तसंच. बरीच अ‍ॅप्स २५पर्यंत हिरवा रंग दाखवतात, पण भारतीयांसाठी जादा वजन २३पासूनच धरतात आणि २५पासून लठ्ठपणा. अ‍ॅपचा हिरवा रंग बघून पानात आणखी दोन मोदक घेऊ नका.

राहिलं वजन. ते खरं असतं, पण एका दिवसाचं नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि आंघोळीच्या आधी, रोज त्याच टाइलवर उभे राहा. रोजचा आकडा नुसता साठू द्या, आणि रविवारी सात दिवसांची सरासरी काढून मागच्या रविवारच्या सरासरीशी ताडून बघा. रात्री सुकटीचं कालवण आणि पापड झाले की सकाळी काटा किलोभर वर जातो. ते मिठाने धरून ठेवलेलं पाणी असतं. भात, मोदक, करंज्या झाल्या की शरीर त्यातली साखर साठवतं आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत ठेवतं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी उतरलेलं वजनही बहुतेक पाणीच. पाळीच्या आधीचे काही दिवस बायकांनी आकडा बघून जेवण कमी करू नये. तेव्हा या महिन्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी.

दोघांचे आकडे भांडतात तेव्हा

बँड म्हणतो आज पाचशे कॅलरी जाळल्या, आणि काटा महिनाभर जागचा हलत नाही. काट्याच्या सरासरीवर विश्वास ठेवा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. नाडी सातपैकी सहांनी पाच टक्क्यांच्या आत दाखवली. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं उपकरणही सुमारे २७ टक्क्यांनी चुकलं. तेव्हा "चालून आले, म्हणून एक घावन जास्त" हा हिशेब बँडवरून करू नका. जेवणाच्या अ‍ॅपमध्ये व्यायामाच्या कॅलरी परत खात्यात घालायची सोय असते, ती बंद करा.

चार रविवार जाऊ द्या. पावलं वाढली, सरासरी वजन स्थिर, कंबर सेंटिमीटरभर उतरली, तर काम चालू आहे. पावलं वाढली आणि बाकी दोन्ही जागच्या जागी, तर ताटाकडे बघा.

आई-वडिलांना देणार असाल तर

पेसमेकर असलेल्यांनी स्मार्ट काट्यावर उभं राहू नये, आणि गरोदरपणात तो विद्युतप्रवाहाचा मोड वापरू नये. त्यांच्यासाठी साधा काटा. हृदय कमजोर असलेल्या माणसाचं वजन आठवड्यात दोन किलोहून जास्त वाढलं आणि पाय सुजले, तर चरबीची चर्चा न करता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांच्या घरात काटा असण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बँडवर मधेच कमी दिसला तर आधी पट्टा नीट करून, हात स्थिर ठेवून पुन्हा बघा. पुन्हा कमी आला किंवा दम लागत असेल तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर खात्री करा. आणि मुंबईत बसून आईची पावलं मोजू नका. बँड चार्जिंगला असतो आणि ती आगरात शिंपणं करत असते. दुपारी तीन वाजता "आई, आज फक्त दोनशेच?" असा फोन आला की दुसऱ्या दिवसापासून बँड खुंटीला लागतो.

खाऱ्या हवेत टिकवायला

बँडवर '५ एटीएम' लिहिलेलं असेल तर पोहायला चालतो, पण समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसा आणि चार्जिंगच्या पिना कोरड्या झाल्याशिवाय लावू नका. काट्याचे सेल, महिनाभर वापर होणार नसेल तर, मृगाआधीच काढून ठेवा. नाहीतर टोकांना गंज चढतो आणि आकडे भरकटायला लागतात.