पच्चीकारीच्या ताटाला आमसूल लावू नका

गणपतीच्या आधी कोकणात घरोघरी तांब्यापितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लखलखीत होतात. त्याच ढिगात आग्र्याहून आणलेलं संगमरवरी पच्चीकारीचं, म्हणजे दगडात खाचा करून रंगीत खडे बसवलेल्या नक्षीचं, ताट गेलं, की संपलं! संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की झिलई जाते आणि खरखरीत, निस्तेज डाग पडतो. तो पुसून जात नाही, कारागिराकडून पुन्हा पॉलिशच करून घ्यावं लागतं. नक्षीतला लाल अकीक तग धरतो. हिरवा मॅलाकाइट मात्र आंबटाने बिघडतो. म्हणून व्हिनेगर नको, लिंबूवालं डिशवॉशही नको. सोलकढी सांडलीच तर लगेच टिपून घ्या, चोळू नका.

साध्या पाण्यात पिळलेला मऊ सुती फडका पुरतो. भिजत घालू नका, खाचेत चिकटवलेले खडे सुटू शकतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तर मुळीच ठेवू नका, ओल आत कोंडते.

नवीन घेताना मागच्या बाजूला नखाने ओरखडून बघा. रेघ उमटली तर तो संगमरवर नव्हे, शंखजिऱ्यासारखा मऊ दगड. विक्रेता काहीही सांगो.