नव्या ट्रकवर काम करून घेताय? वॉरंटी घालवणाऱ्या या चुका टाळा

केबिन-चेसिस घेतली की ती शोरूममधून थेट बॉडीवाल्याच्या शेडमध्ये जाते. पहिला हप्ता भरायचा असतो, पासिंग व्हायचं असतं, आणि तेवढ्यात वॉरंटीला भोक पडलेलं असतं. अक्षरशः भोक. हौदा बसवायला मिस्त्री लाँग मेंबरच्या वरच्या पट्टीला ड्रिल मारतो आणि मालक शेजारी उभा राहून चहा पीत असतो.

लाँग मेंबर म्हणजे चेसिसचं लांब, इंग्रजी 'सी'च्या आकाराचं चॅनल. माल भरल्यावर चेसिस वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर येतो. तिथलं भोक म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. उभ्या भागात कंपनीनं मुळातच भोकं ठेवलेली असतात. ती वापरायची आणि बाकी हौदा यू-बोल्टनं आवळायचा. बॉडी बिल्डरसाठी कंपनीची वेगळी मार्गदर्शिका असते, ती डीलरकडून मागून घ्या. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

वेल्डिंगची गोष्ट आणखी वाईट. आमच्या एका गाडीला साइड गार्ड लावताना वेल्डरनं अर्थची क्लिप लांब, मागच्या ॲक्सलला अडकवली आणि बॅटरी तशीच जोडलेली ठेवली. दुसऱ्या दिवशी एबीएसचा, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेचा, दिवा लागला तो लागलाच. क्लेम नाकारला गेला आणि खरं सांगायचं तर त्यात सर्व्हिस सेंटरचं काही चुकलं नाही. बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, ईसीयूचे (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटचे) प्लग काढा आणि अर्थ जिथे वेल्ड आहे तिथेच, हातभर अंतरात लावा. लाँग मेंबरला मात्र थेट वेल्ड नकोच.

पाटा वाढवला, ब्रेक गेला

पिकअपला कांदा, ऊस, वाळू जे काही भरायचं असेल, मालक आधी कमानवाल्याकडे (स्प्रिंगचं काम करणाऱ्याकडे) जातो आणि स्प्रिंगमध्ये जादा पाटा टाकतो. मागचा भाग बसत नाही, गडी खूश. पण बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक दांडा असतो आणि वर ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चेसिस आणि ॲक्सलमधलं अंतर किती कमी झालं यावरून तो माल ओळखतो. पाटे कडक झाले की गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागच्या चाकांना कमी प्रेशर देतो. कसारा घाट उतरताना पुढचे लायनर जळाल्याचा वास येतो तो यामुळेही असू शकतो. शिवाय जादा पाट्यामुळे आरसीवरची क्षमता किलोभरही वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग किंवा हाउसिंगचा क्लेम दाखल झाला की सर्व्हिसवाला आधी पाटे मोजतो.

वायरमनचा ब्लेड

मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट होतात. टेपवाला, म्हणजे म्युझिक सिस्टीम बसवणारा, सोपं करतो: एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढतो. मग एक बॅटरी रोज उपाशी, दुसरी रोज जास्त चार्ज. काही महिन्यांत दोन्ही बाद. 24 ते 12 चा कन्व्हर्टर बसवा. बॅटरी आणि टायरची वॉरंटी बहुधा त्यांच्या कंपन्यांची, ट्रक कंपनीची नसते, हेही लक्षात असू द्या.

फॉग लँपसाठी वायर सोलून टेप गुंडाळणं बंद करा. रिले, स्वतंत्र फ्यूज आणि बॅटरीपासून वेगळी वायर, म्हणजे मूळ हार्नेसला (कंपनीच्या वायरींच्या जुडग्याला) हात लागत नाही. उद्या काढायची वेळ आली तर तासाभरात काढता येईल, असंच काम करून घ्यायचं. माझी कसोटी हीच: जे बोल्टनं लागतं आणि बोल्टनं निघतं त्यावर वाद घालता येतो, कापलेल्या वायरीवर वाद घालता येत नाही.

सुरेल हॉर्न तर मुळात बेकायदा. त्यातही तो ब्रेकच्या एअर टँकवरून पाइप फोडून लावलेला असेल तर गळती ब्रेकमध्ये होणार.

बीएस-6 गाडीत डीईएफचा (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाचा) खर्च वाचवायला इम्युलेटर, म्हणजे ईसीयूला फसवणारं यंत्र, बसवणारे अजून भेटतात. दिवा विझतो, हिशेब छान दिसतो. पण ईसीयूत छेडछाडीच्या खुणा राहू शकतात आणि इंजिनचा क्लेम आला की स्कॅनर आधी तिथेच लागतो.

कागद

यूट्यूबवर ऐकून काही जण काउंटरवर सांगतात की बाहेरच्या पार्टमुळे वॉरंटी रद्द करताच येत नाही. तो अमेरिकेतला 1975 चा कायदा आहे. इथे वॉरंटी पुस्तिकेत काय छापलंय ते आधी वाचायचं. जोडीला मोटार वाहन कायद्याचं कलम 52: आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीलाही बदल कळवा.

बॉडीवाल्याचं पक्कं बिल घ्या, काम सुरू होण्याआधी आणि झाल्यावर चेसिसचे फोटो काढा. जीपीएस किंवा डिझेल सेन्सर बसवायचा असेल तर आधी डीलरला विचारा आणि उत्तर जॉब कार्डवर लिहून घ्या.

एवढं करूनही क्लेम नाकारला, तर कारण लेखी मागा: कुठला बदल आणि त्यानं नेमका कुठला पार्ट कसा बिघडला. "बाहेरचं काम केलंय" हे कारण अपुरं आहे. टेपमुळे गिअरबॉक्स फुटत नाही. ट्रक धंद्याचा असला तरी स्वतः चालवून त्यावरच पोट भरणारा मालक ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकच ठरतो आणि जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो.