नदी फुगलेली असताना स्मॉलमाउथ बास आणि वॉलाय कसे पकडावेत

पेनसिल्व्हेनियातली ससक्वेहाना नदी हॅरिसबर्गजवळ जवळपास दीड किलोमीटर रुंद आहे. उन्हाळ्यात मात्र ती इतकी उथळ होते की गुडघाभर, मांडीभर पाण्यात उभं राहून लोक स्मॉलमाउथ बास आणि वॉलाय या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशांसाठी गळ टाकतात. वरच्या खोऱ्यात दोन दिवस जोराचा पाऊस झाला की तीच नदी चहाच्या रंगाची होते आणि पात्रातले खडक दिसेनासे होतात. अशा वेळी निम्मे लोक घरी बसतात. उरलेले काठावर उभे राहून जमेल तितक्या लांब, धारेच्या मध्यावर लूअर, म्हणजे गळाचं खोटं आमिष, फेकतात. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं आणि रिकाम्या हातांनी परतलो. मासा माझ्या बुटांपासून दोन मीटरवर होता, हे फार उशिरा कळलं.

कारण साधं आहे. तळाशी आणि काठाशी पाणी घासतं, तिथे त्याचा वेग कमी होतो. नदी चढली की मधल्या धारेत टिकून राहायला माशाला फार ताकद लागते, म्हणून तो कडेच्या संथ पाण्यात सरकतो. कोकणातल्या वाचकांना पहिल्या पावसात शेतात शिरणारे चढणीचे मासे आठवतील. ते अंडी घालायला चढतात. बास काठाला येतो तो दम खायला. चिंगळ्या, छोटे मासे, क्रेफिश (नांग्या असलेले झिंग्यासारखे प्राणी) हेही तिकडेच ढकलले जातात, त्यामुळे जेवणही तिथेच.

१. निघण्याआधी पातळी पाहा

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची मापकं नदीवर ठिकठिकाणी आहेत. पाण्याची पातळी फुटांत आणि प्रवाह घनफूट प्रतिसेकंदात त्यांच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. आकड्यापेक्षा आलेखाचा कल महत्त्वाचा. रेघ वर चढत असेल तर जाऊ नका: ओंडके, फांद्या, कचरा सगळं वाहत येत असतं. रेघ सपाट झाली किंवा हळूहळू उतरायला लागली की सामान गाडीत टाका. वरच्या सनबरीचं मापकही पाहून ठेवा, तिथे चढलेलं पाणी पुढे हॅरिसबर्गलाच यायचं असतं.

हॅरिसबर्गला पुराची पातळी 17 फूट धरतात. पण तिथवर वाट पाहायची नसते. पाच-सहा फुटांपर्यंत मी काठावरून मजेत मासेमारी करतो. आठच्या वर गेलं की घरी पोहे करतो.

२. पाण्याचा रंग

पांढरं लूअर दोरीला बांधून काठाशी बुडवा. वीतभर खोलीवरही दिसत असेल तर काम होतं. फूटभर दिसलं तर उत्तम. बोटभर खाली जाताच गायब होत असेल तर जागा बदला, नदी बदलायची गरज नाही. डंकॅननजवळ जुनिॲटा नदी ससक्वेहानाला मिळते, आणि पात्र इतकं रुंद आहे की दोघींचं पाणी बराच लांब शेजारी शेजारी वाहतं. एक काठ गढूळ आणि समोरचा बऱ्यापैकी स्वच्छ, असं हमखास होतं. छोटे ओढेही मोठ्या नदीच्या आधी निवळतात. त्यांच्या मुखाशी स्वच्छ आणि गढूळ पाण्याची सीमा दिसली की तिथेच थांबा.

३. जागा हेरा

यात घाई करू नका. काठावर पाच मिनिटं नुसतं उभं राहून पाण्यावरचा फेस पाहा. फेस कुठे गोल फिरतो, कुठे उलटा वाहतो, कुठे थबकतो? बेटाचं खालचं टोक, पुलाच्या खांबामागचा आडोसा, काठाला बाहेर आलेला खडक, बुडालेलं गवत, पडलेलं झाड, बोटी उतरवायच्या उतारालगतचा कोपरा – या त्या जागा. जोराचं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं ती शिवण सगळ्यात मोलाची. मासा संथ बाजूला उभा राहतो आणि जोराच्या बाजूने वाहत आलेलं खाणं उचलतो.

वॉलाय बंधाऱ्यांखाली गोळा होतात हे खरं. पण कमी उंचीच्या बंधाऱ्याखालचा उलटा भोवरा माणसाला बाहेर पडू देत नाही. हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीट बंधाऱ्यावर अनेकांचे जीव गेले आहेत. तिथे होडी नेऊ नका. फुगलेल्या नदीत पाण्यात उतरूही नका. काठावरून भागतं, आणि काठावरही लाइफ जॅकेट घाला.

४. गळाला काय लावायचं

गढूळ पाण्यात माशाला हादरे जाणवतात, आकार अंधुक दिसतो. म्हणून स्पिनरबेट, म्हणजे पाण्यात फिरणाऱ्या गोल पात्याचं लूअर, किंवा जाडसर ट्यूब जिग, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळावर चढवलेली मऊ नळी. रंग काळा-निळा किंवा भडक पोपटी. मधले नाजूक रंग निवळलेल्या पाण्यासाठी ठेवा. जिगचं वजन पाव औंस, म्हणजे 7 ग्रॅम, इथून सुरुवात करा. लूअर तळाला लागतच नसेल तर वाढवा; दर फेकीला खडकात अडकत असेल तर कमी करा. तरी चार-पाच लूअर नदीला वाहावी लागतातच.

५. फेक

काठाला काटकोनात नाही, काठाला समांतर फेका. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि दोरीतला ढील तेवढा गोळा करत लूअरला पाण्याबरोबर खाली येऊ द्या. वेग निम्मा ठेवा. एकाच आडोशात दहा-बारा वेळा फेका, कारण माशाला लूअर सापडायलाच वेळ लागतो. पाणी 10 अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल तर आणखी हळू.

बासला खालच्या ओठाला धरून उचलता येतं. वॉलायच्या तोंडात अंगठा घालू नका, दात टोकदार असतात. पकडलेला बास कुठे घरी नेता येतो, वॉलायचा हंगाम कधी बंद असतो हे राज्याच्या नियमपुस्तिकेत नदीच्या पट्ट्यानुसार वेगळं आहे. परवाना काढतानाच ते पान वाचा. परवाना 16 वर्षांपासून पुढे लागतो.

६. वॉलायसाठी संध्याकाळ

वॉलायच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक पाण्यात तो सावजापेक्षा चांगलं पाहतो. गढूळ नदीत तो दिवसाही खातो, पण खरी वेळ सूर्य मावळल्यानंतरचा तास. बुडालेल्या गवताच्या कडेने, चार फुटांपेक्षा कमी पाण्यात, लांबट लूअर अगदी सावकाश ओढा. बास दणका देतो; वॉलायची ओढ मात्र ओलं पान अडकल्यासारखी वाटते. पान वाटलं तरी रॉड उचला.