रेंडिशनवर (माणसाला पकडून, कोर्टात न नेता, परस्पर दुसऱ्या देशाच्या ताब्यात देणं) वाचायला बसताय? मग ब्रिटनच्या बेलहाज केसपासून सुरू करा

लंडनला एलएलएमला (कायद्याच्या मास्टर्सला) आलो तेव्हा मी शहाणपणा करून थेट डॉक्ट्रिनची, म्हणजे कायद्याच्या तत्त्वांची, जाडजूड पुस्तकं उघडली आणि पहिल्याच मूटमध्ये (सरावाच्या खोट्या खटल्यात) स्टेट इम्युनिटी (दुसऱ्या देशावर दावा लावता येत नाही) आणि फॉरेन अॅक्ट ऑफ स्टेट (दुसऱ्या देशाच्या कृत्यांचा निवाडा आपलं कोर्ट करत नाही) यांची अशी खिचडी केली की समोरच्या जजने शांतपणे विचारलं, "पण लिबियावर दावा केलाय कोणी?" बोबडीच वळली.

म्हणून सांगतो, आधी फॅक्ट्स वाचा. मार्च २००४, लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याचा विरोधक अब्देल हकीम बेलहाज आणि त्याची गरोदर बायको फातिमा बूदशार, दोघांना बँकॉकमध्ये पकडून सीआयएने त्रिपोलीला पोचवलं. २०११ मध्ये गद्दाफी पडल्यावर लिबियाच्या सरकारी ऑफिसात कागद सापडले, त्यात एमआय६ च्या (ब्रिटनची परदेशी गुप्तहेर संस्था) मार्क अॅलनचं पत्र, बेलहाज पोचला म्हणून अभिनंदन करणारं. कागद सापडले नसते तर केस कसली नि काय! दावा होता ब्रिटिश सरकार, अॅलन आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांच्यावर. सरकारचं म्हणणं, यात दुसऱ्या देशांच्या कृत्यांचा निवाडा करावा लागेल, म्हणून कोर्टाने ऐकूच नये.

हायकोर्टाने २०१३ ला हे बऱ्यापैकी मान्य केलं, कोर्ट ऑफ अपीलने २०१४ ला उलटवलं, आणि जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सातही जजांनी सरकारचं अपील फेटाळलं. निकाल एकच पण कारणं वेगवेगळी, नवीन माणूस अडकतो तो इथेच. या जजांपैकी आधी लॉर्ड मान्सचा निकाल वाचा, मग लॉर्ड सम्प्शनचा, जो अॅक्ट ऑफ स्टेटचा नियम इतरांपेक्षा रुंद धरतो आणि तरी म्हणतो की टॉर्चरसारख्या गोष्टींना त्याची ढाल मिळणार नाही. मला वाटतं कोर्टाने ऐकायलाच हवं, कारण प्रश्न आपल्याच अधिकाऱ्यांनी काय केलं हा आहे, लिबिया फक्त वाटेत येतो. (मूटमध्ये हे एक वाक्य सुचलं असतं तर!)

पुरावे मात्र कोर्टात तपासले गेलेच नाहीत. मे २०१८ मध्ये समझोता झाला, थेरेसा मे यांनी माफी मागितली, बूदशारला ५ लाख पाउंड मिळाले, बेलहाजने पैसे मागितलेच नव्हते.

हे झालं की अमेरिकेची जेपेसन केस घ्या, २०१० ची, रेंडिशनच्या विमानफेऱ्यांना मदत केली म्हणून एका कंपनीवर केलेला दावा, सरकारी गुपितं उघड होतील म्हणून जजांनी ६ विरुद्ध ५ ने फेटाळलेला. डिसेंट (विरोधी जजांचं मत) सोडू नका, मला तोच पटतो.