‘उन्हाळी लागली’ कोणत्या रकान्यात? मराठी प्रश्नावलीची पूर्वतयारी

सगळ्यात आधी परवानगी. लघवीच्या संसर्गाची ‘एसीएसएस’ (अॅक्यूट सिस्टायटिस सिम्प्टम स्कोअर, म्हणजे बाईनं स्वतः भरायची, लक्षणांना गुण देणारी) प्रश्नावली मराठीत आणायची, तर ती तयार करणाऱ्यांना पत्र लिहा आणि उत्तर येईपर्यंत भाषांतराला हात लावू नका. ती मुळात उझबेक आणि रशियन भाषांत तयार झाली. प्रश्न १८: नेहमीच्या लक्षणांचे ६, दुसऱ्या आजाराशी गल्लत टाळणारे ४, रोजच्या जगण्यावरच्या परिणामाचे ३ आणि पाळी, गरोदरपण, मधुमेह वगैरेंचे ५. एथिक्स कमिटीचा अर्ज आणि मराठी संमतीपत्र याच दिवसांत उरकून घ्या.

भाषांतरकार दोन, वेगवेगळे बसून काम करणारे. त्यातला एक तरी डॉक्टर नसावा. दोन्ही मसुद्यांचा एक करून तो मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून उलट, म्हणजे पुन्हा मूळ भाषेत, भाषांतरित करून घ्या. उलट भाषांतर हुबेहूब जुळलं की आपण खूश होतो, पण ‘मूत्रविसर्जनाच्या वेळी दाह’ हे पुस्तकी मराठीसुद्धा हुबेहूब जुळतं.

खरं काम शब्दांचं. बाई ‘उन्हाळी लागली’ म्हणते, त्यात जळजळ असते, थेंब थेंब होणं असतं आणि कधी नुसती उन्हाची तक्रारही. म्हणून तो शब्द प्रश्नात घालू नका, पण विचारणाऱ्याला तो ओळखता यायला हवा. ‘लघवी लाल होते का’ विचारलंत तर कमी पाणी पिऊन गडद झालेलीही लालच. ‘लघवीत रक्त दिसलं का’ असं विचारा. ‘कंबर दुखते’ हे तर पुण्यात दर दुसरी बाई सांगेल; बरगडीखाली, मागे एका बाजूला हात ठेवून दाखवायला सांगा. ‘अंगावरून पांढरं जातं का’ हे नीट कळतं, पण सासूबाई शेजारी बसल्या असतील तर उत्तर ‘नाही’च. वेगळी खोली आधीच मागून ठेवा. पर्यायांत ‘बऱ्यापैकी’ नको, ‘बरं वाटतंय’ असं ऐकू येतं. नाही, थोडं, बरंच, खूप एवढं पुरे. प्रश्न गेल्या २४ तासांबद्दल आहेत. ‘काल या वेळेपासून’ म्हटलं की पटकन कळतं.

मग पाच-सात जणींना प्रश्न वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ एवढंच विचारा. सगळ्या कोथरूडच्या नकोत. हडपसर, येरवडा, शिवाय सोलापूर-मराठवाड्याकडून आलेल्याही हव्यात.

पडताळणीसाठी लघवीचं कल्चर (जंतू वाढतात का, ही लॅबची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी. मेडिकलमधून गोळी घेऊन आलीय का हे पहिलं विचारा. नमुना मधल्या धारेचा, दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. संसर्ग नसलेल्या बायकाही हव्यात, नाहीतर नेहमीच्या लक्षणांचा ६ गुणांचा उंबरठा (तेवढे किंवा जास्त गुण म्हणजे संसर्गाची शक्यता) मराठीत टिकतो का हे कशावर ठरवणार? क्रोनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचं माप) ०.७ च्या वर आला की बरं, पण तेवढ्यावर थांबू नका. आणि पंधरा दिवसांनी तीच प्रश्नावली भरून घेऊन ‘उत्तरं बदलली’ म्हणून कपाळाला हात लावू नका. बाई बरी झालेली असते. उपचारानंतर गुण उतरतात का, हेच तर पाहायचं असतं.

अक्षर मोठं ठेवा, चष्मा घरी विसरलेल्या बऱ्याच असतात. पक्की छपाई सगळ्यात शेवटी. तोवर झेरॉक्सवरच भागवा, कारण ओपीडीतली एखादी आजी एका वाक्यात तुमचा पाचवा प्रश्न बदलायला लावणार आहे.